डावा कोपरा

पेपर आधी माझ्याच हाती येतो,
कॉलेजचं वाचनालय मी उघडतो म्हणून.
सहाव्या पानावर, बियाण्याच्या जाहिरातीखाली,
गळ्यात शिट्टी घालून काकपुरे सर हसत होते.
शहरातले. निळ्या मॅटवाले. ट्रॅकसूटला इस्त्री.
"सावंग्याची पोरं दमाची आहेत," म्हणाले,
"पण त्यांचा डावा कोपरा झोपलेला असतो.
मध्यंतरालाच निकाल लागेल.
आम्ही जेवायला घरी."

मी पेपर घडी घालून कपाटात टाकला होता.
खरंच सांगतो, टाकला होता.

तरी दहा वाजता बसस्टँडवर
बेबीताईच्या कढईत
तर्रीसोबत तेच उकळत होतं.
"जेवायले घरी म्हन्ते!"
"आपल्याच गावात येऊन आपल्यालेच?"
"त्याले सांगा, सावंग्यातून शेवटची यष्टी साडेसातले सुटते,
मंग रात्रभर बस म्हना फाट्यावर."
गुणवंतानं अर्धी दाढी तशीच सोडली गिऱ्हाईकाची
आणि वस्तरा हवेत नाचवत
एकोणीसशे ब्याण्णवची चढाई पुन्हा सांगितली,
ज्यात दरवर्षी एक गडी जास्त बाद होतो.
रज्जाकभाईनं ट्यूब बादलीत दाबली,
बुडबुडे निघाले तिथं बोट ठेवून म्हणाला,
"हे पाय. फुसफुस इथून."
सगळे हसले. काकपुरेवर हसलो असं आम्हाला वाटलं.

दुपारी बी.ए. दुसऱ्या वर्षानं
होस्टेलच्या चादरीवर गेरूनं लिहिलं:
सर, डबा घेऊन या. उशीर होईल.
भूगोलाच्या मॅडमनी 'उशीर'मधला ऱ्हस्व शि दीर्घ करून दिला
आणि काही न बोलता वर्गात गेल्या.

या सगळ्यात शुद्धोधन तायडे
बेबीताईच्या बाकावर बसून पोहे खात होता.
डावा कोपरा म्हणजे तोच.
अख्खं गाव त्याच्या वतीनं चिडलं होतं
आणि त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं.
लिंबाची फोड त्यानं दोनदा पिळली,
पहिल्यांदाच रस संपला होता तरी.

संध्याकाळी मैदानात चुन्याची रेघ ओढायला गेलो
तर तो खांबाजवळ एकटा.
घोट्याएवढ्या उंचीवर खांबाला झेप घेत होता,
पुन्हा उठत होता, कोपर झटकत होता.
"भाऊ, तो पेपर हाय काय?"
कात्रण माझ्या खिशातच होतं.
त्यानं ओठ हलवत वाचलं, अक्षर अक्षर.
मग विचारलं, "खरं हाय काय हे?"

तीन वर्षं गुणलेखक मीच आहे.
वही माझ्याच हस्ताक्षरात आहे.
मागच्या चार सामन्यांत एकतीस गुण गेले,
त्यातले एकोणीस त्या बाजूनं.
मला ठाऊक होतं.
आपलं पोट्टं, काय बोलायचं,
म्हणून दर वेळी पान उलटलं होतं.

आम्ही बल्बखाली वही उघडली.
तो बोट फिरवत गेला.
कुठं उशिरा वाकलो, कुठं नजर मध्यरेषेवरच राहिली,
त्याचं त्यालाच आठवत गेलं.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"तीन वर्सांत पहिल्यांदा कोनी बारीक पाह्यलं मले."
त्यात राग नव्हता, निदान काकपुरेवर तरी नव्हता.
मी चुन्याचं घमेलं उगाच इकडचं तिकडं केलं.

तेवढ्यात दुकान बंद करून रज्जाकभाई आला,
हात ग्रीसनं काळे, लुंगी वर खोचलेली.
"चाल, मी काकपुरेचा पोट्टा. धर माहा पाय."
पन्नाशीचा माणूस कबड्डी कबड्डी करत
थंडीतल्या मातीवर धावून आला.
पहिल्यांदा निसटला.
दुसऱ्यांदाही.
तिसऱ्यांदा दोघेही आडवे झाले
आणि घोट्यावर ग्रीस होतं की माती,
अंधारात कळलं नाही.

सामना उद्या चारला आहे.
काय होईल, मला माहीत नाही.
परतताना होस्टेलच्या गच्चीवर
चादर वाऱ्यानं गुंडाळली गेली होती,
एवढंच वाचता येत होतं:
सर,
या.